एका पाकिटात पाळी भागत नाही

पाळीचं साहित्य कमी पडतं तिथे नेमकं काय बिघडतं आणि काय उपयोगी पडतं? नाशिक जिल्ह्यात काम करणाऱ्यांचे अनुभव.

आशा कार्यकर्ती, पेठ
आधी हिशेब मांडू. दर ४ ते ६ तासांनी बदलायचं तर दिवसाला ४ पॅड, ५ दिवसांना २०. आमच्याकडच्या ६ रुपयांच्या पाकिटात असतात ६. दुसऱ्या दिवशी दुपारीच पाकीट संपतं. मग एकच पॅड दहा-बारा तास राहतं, मांड्या काचतात, ओलाव्याने खाज सुटते. याला ‘मुलींना स्वच्छतेची सवय नाही’ म्हणणं अन्याय आहे. त्यातून घरात दोन मुली आणि आई असली की एकच पाकीट तिघींत वाटलं जातं. म्हणून वाटप घरामागे लिहू नका, माणशी लिहा, आणि माणशी ४ पाकिटं धरा. जन औषधी केंद्रात १ रुपयाला एक पॅड मिळतं, पण पाड्यावरून बसभाडंच जास्त होतं. गटाने महिन्याचा साठा एकदम आणला तर परवडतं.

बचत गट, सुरगाणा
विहिरी आटल्या की कापडाची खरी अडचण. घडी आधी गार पाण्यात भिजवायची, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळायचं, आणि थेट ऊन. लाजेपोटी दाराआड वाळत घातली की मधला थर दमट राहतो. म्हणून जाड शिवलेली गादी नको, उलगडून एकेरी वाळेल असं सुती कापड हवं. सिंथेटिक साडी शोषत नाही.

द्राक्षबागेतली पर्यवेक्षिका, दिंडोरी
बागेत आडोसा नाही म्हणून बाया सकाळचं पॅड संध्याकाळीच काढतात. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत, मग जळजळ सुरू होते. शेडनेटचा चारी बाजूंनी आडोसा, आतून कडी, बादली, साबण, खुंटी आणि झाकणाचा डबा, एवढं पुरतं. साबण विसरू नका: छाटणीनंतर वेलींना लावायच्या पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड हे रसायन त्वचा पोळतं, ते हात नाजूक जागी लागता कामा नयेत.

सफाई कर्मचारी, नाशिक शहर
वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळं द्या. संडासात टाकलं की आतली जेल फुगते, पाइप तुंबतो.

परिचारिका, ग्रामीण रुग्णालय
रक्तस्राव जास्त आहे का हे ओळखायला ‘दिवसाला किती पॅड लागतात?’ हा प्रश्न इथे फसवा ठरतो. पॅडच नसतील तर आकडा कमीच येणार. त्याऐवजी विचारा: कपडे बाहेरून भिजतात का, १० रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का, ७ दिवसांच्या वर जातं का? एकालाही ‘हो’ आलं तर हिमोग्लोबिन त्याच दिवशी तपासा.