ओळखी वाढवण्याचा संकोच वाटतो, काय करावे?

प्रश्न (टूलरूमवाला): भोसरीतील एका छोट्या कारखान्यात मी ११ वर्षे प्रेस टूलचे, म्हणजे पत्रा कापण्या-वाकवण्याच्या साच्यांचे, डिझाइन करतो. काम आटत चालल्यामुळे आता दुसरीकडे पाहणे भाग आहे आणि जो तो ‘ओळखी वाढव’ असे सांगतो. गेल्या महिन्यात चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधील प्रदर्शनाला ४० कार्डे घेऊन गेलो आणि ३८ परत आणली. जे यंत्र मी जन्मात विकत घेणार नाही, त्याचे माहितीपत्रक वाचत बराच वेळ उभा होतो. अनोळखी माणसाशी बोलण्याची धास्ती आहेच, पण गरज पडल्यावरच कोणाचे दार ठोठावायचे, म्हणजे कामापुरता मामा, हे त्याहून अधिक बोचते.

जुना सदस्य: अनोळखी लोकांपासून सुरुवात करूच नका. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारले होते, की ज्याच्याकडून ती कळली तो तुम्हाला किती वेळा भेटत असे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार आठवड्यातून किमान दोनदा भेटणारे जेमतेम १७ टक्के होते, तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २८ टक्के. बाकीचे या दोहोंच्या मधले. नमुना लहान होता, पण कारण पटण्याजोगे आहे: रोजच्या मित्रांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. तेव्हा टूलरूम सोडून गेलेल्या पाच जणांची नावे काढा आणि नोकरी न मागता एवढेच विचारा, की तुमच्याकडे प्रोग्रेसिव्ह डाय (पत्र्याला टप्प्याटप्प्याने आकार देणारे साचे) कारखान्यातच बनतात की बाहेरून करून घेतात.

स्टॉलवर उभी राहिलेली: प्रदर्शनाला सकाळी दार उघडताच जावे. दुपारी आमचे पाय दुखू लागतात आणि समोर गर्दीही असते. पहिल्या तासात मात्र आम्हीच कोणी बोलेल का, याची वाट पाहत असतो. ‘जाड पत्र्याला स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर पत्रा थोडा मागे उलगडतो तो) किती धरता?’ असा प्रश्न विचारणारा माणूस संध्याकाळपर्यंत लक्षात राहतो. कार्ड मागून घ्या आणि त्याच्या पाठीवर काय बोलणे झाले ते लगेच लिहा.

नोकरभरतीतला: मामा काम झाल्यावर विसरला जातो, ही त्या म्हणीतली खरी बोच आहे. आमच्याकडे नाव सुचवणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच असते, की पुढे काय झाले ते कोणी कळवत नाही. निवड झाली नाही तरी दोन ओळी कळवाव्यात.

टूलरूमवाला: सर्वांचा आभारी आहे. सहा वर्षांपूर्वी चाकणला गेलेल्या एका सहकाऱ्याला काल रात्री वर सुचवलेला प्रश्न जसाच्या तसा पाठवला. सकाळी त्यांचा फोन आला. डायचे काम ते बाहेरूनच करून घेतात आणि शनिवारी त्यांनी मला कारखाना पाहायला बोलावले आहे. कार्डे न्यावीत का?