मदत हवी आहे: उणे २० च्या चेंबरमधलं कुलूप गोठतंय, किल्ली फिरत नाही

तुर्भे_शिफ्ट

नमस्कार मंडळी. तुर्भे एमआयडीसीतलं शीतगृह, गोठवलेली मासळी आणि मटार, चेंबर उणे २० वर. आत कोपऱ्यात जाळीचा पिंजरा आहे, त्यात एका पार्टीची कोळंबी. पिंजऱ्याला ५० मिमीचं पितळी कुलूप, पिनांचं, कडी ८ मिमी. जून लागला की हे कुलूप दगड होतं. कधी किल्ली अर्धीच आत जाते, कधी पूर्ण जाते पण फिरत नाही, कधी किल्ली फिरते आणि कडीच वर येत नाही. डिसेंबर-जानेवारीत त्रास जवळजवळ नसतो, हे कोडं आहे. माल काढताना लोडर कुलूप बाहेर नेऊन डॉकवरच्या (गाडी लागते त्या फलाटावरच्या) खिळ्याला अडकवतात आणि काम झालं की परत लावतात. खोबरेल तेल झालं, ग्रीस झालं, किटलीतलं गरम पाणी झालं. दर वेळी प्रकार वाढलाच. आज सातला गाडी लागणार आहे आणि कुलूप बंद. किल्ली पूर्ण जातेय, फिरत नाहीये. आत्ता काय करू?

कारागीर_नौपाडा

आधी किल्लीवरचा जोर काढा. पक्कड तर अजिबात लावू नका. पितळी किल्ली पिनेच्या खाचेत तुटली की मग कुलूप कापण्यावाचून गत्यंतर नाही.

तुमची तीन लक्षणं म्हणजे बर्फाच्या तीन जागा. किल्ली अर्धी जाते तेव्हा बर्फ चावीच्या फटीत असतो. पूर्ण जाऊन फिरत नाही तेव्हा पिना त्यांच्या घरात चिकटलेल्या असतात. पीन आणि घर यांच्यात केसाएवढी फट असते, तिथे पाण्याचा नुसता पापुद्रा गोठला तरी स्प्रिंग पिनेला ढकलू शकत नाही. किल्ली फिरून कडी वर येत नसेल तर बर्फ कडीच्या भोकात आहे. आज तुमच्या पिना अडकल्यात.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ९९ टक्क्यांचं. सुई काढलेल्या सिरिंजने किल्लीच्या फटीत २ मिली हळूहळू सोडा, कडीच्या दोन्ही भोकांत अर्धा-अर्धा मिली. उणे २० ला काम सावकाश होतं, पाच मिनिटं थांबा. मग किल्ली आत-बाहेर करा, फिरवू नका. ती मोकळी सरकायला लागली की दोन बोटांनी जेवढं फिरेल तेवढंच फिरवा. नाही फिरली तर आणखी २ मिली आणि पुन्हा पाच मिनिटं. हातोडीच्या लाकडी दांड्याने कुलपाच्या पोटावर हलके टिचके मारले तर पिना सुटायला मदत होते. किल्लीवर तोंडाने फुंकर मारू नका, श्वासातली वाफ तिथेच गोठते.

तुर्भे_शिफ्ट

९९ टक्के आत्ता जवळ नाही. हॅण्ड सॅनिटायझर आहे. आणि हीट गन चालेल का?

कारागीर_नौपाडा

जेल असेल तर नको, त्यातला चिकट पदार्थ पिनांत बसतो. पातळ, पाण्यासारखं सॅनिटायझर असेल तर आजची वेळ निभावेल. मात्र त्यात वीस-तीस टक्के पाणी आणि थोडं ग्लिसरीन असतं. अल्कोहोल उडून जातं, पाणी मागे राहतं. म्हणून कुलूप उघडलं की आजच धुवायचं, तसंच परत लावायचं नाही.

रेफ्रिजरेशन_तळोजा

हीट गन, ब्लो-टॉर्च, लायटर, काहीही चेंबरमध्ये नको. भिंती पफ पॅनेलच्या आहेत, आतला फोम पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. त्यात अल्कोहोल वापरताय. उणे २० ला त्याची वाफ फारशी होत नाही, पण डॉकवर ३० अंशांत ते ठिणगीने सहज पेटतं. अल्कोहोल टाकलेल्या कुलपाजवळ उष्णता आणायचीच नाही. ग्राइंडरने कडी कापायचा विचारही सोडा. वेळ आलीच तर मोठा, ३० ते ३६ इंची बोल्ट कटर.

आता तुमचं कोडं. कुलूप थंडीने गोठत नाही, पाण्याने गोठतं, आणि ते पाणी तुम्ही डॉकवरून आत आणताय. जुलैत ३० अंशांना आपल्याकडच्या एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम वाफ असते. उणे २० च्या हवेत एक ग्रॅमसुद्धा जेमतेम मावते. कुलपाच्या पोटात समजा ५ मिली हवा आहे, तिच्यात वाफ असेल ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. तेवढ्याने काही होत नाही. पण उणे २० चं पितळ डॉकवर टांगलं की ते गार असेपर्यंत हवेतलं पाणी त्याच्यावर जमतच राहतं, आधी पांढरं दव, मग थेंब. त्या खिळ्याखाली फरशीवर ओला डाग असेल, बघा. पाण्याचा एक थेंब ५० मिलिग्रॅम, म्हणजे आतल्या हवेतल्या वाफेच्या पाचशे पट. तो फटीतून पिनांत उतरतो आणि परत आत लावल्यावर गोठतो. डिसेंबरात हवा कोरडी, म्हणून दव कमी. ठाण्या-नवी मुंबईत कुलपांचा हिवाळा पावसाळ्यात येतो तो असा.

गरम पाण्याने तर तुम्ही कुलूप स्वतःच भरलंत. शिवाय ते फरशीवर गोठलं की फोर्कलिफ्ट घसरते. खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं, उणे २० ला त्याचं मेण होतं. ग्रीसचंही तेच. कुणी मिठाचं पाणी सुचवेल, तर मिठाचं पाणी कितीही घट्ट केलं तरी उणे २१ च्या खाली द्रव राहत नाही. तुमच्या तापमानाला ते काठावर आहे आणि स्प्रिंगा गंजतील त्या वेगळ्याच.

तुर्भे_शिफ्ट

उघडलं! दुसऱ्या डोसला. ओला डागही आहे, अगदी खिळ्याखालीच. कुलूप आत्ता हातात आहे, पुढे?

कारागीर_नौपाडा

थांबा, तसंच बाहेर आणू नका. आतच झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, झिप लावा आणि मग बाहेर. दव पिशवीवर पडेल, कुलपावर नाही. तासाभराने हाताला गार लागेनासं झालं की पिशवी उघडा.

मग कडी उघडी ठेवून फटीतून १० मिली अल्कोहोल, हे मात्र ९९ टक्केच. खळखळ हलवा, ओता, पुन्हा एकदा. जुनं तेल-ग्रीस काळं होऊन बाहेर येईल. स्वच्छ येईपर्यंत करा. फट खाली करून रात्रभर टांगा, शक्य असेल तर एसीच्या खोलीत, तिथली हवा कोरडी असते. पूर्ण सुकल्यावर कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, फटीत एक सेकंद आणि कडीच्या भोकांत एक-एक. किल्ली दहा वेळा आत-बाहेर करा, दर वेळी फडक्याने पुसा. ग्राफाइट कुलपाला उत्तम, पण तुमच्याकडे खाण्याचा माल आहे, काळी भुकटी नको. स्प्रे घेताना डब्यावर फूड ग्रेड एच-१ (चुकून अन्नाला लागलं तरी चालणारं वंगण) लिहिलेलं बघा. एका कुलपात एकच वंगण, तेलावर भुकटी पडली की चिखल होतो.

कळंबोली_ट्रान्सपोर्ट

आमच्याकडून गाड्या जम्मूमार्गे श्रीनगर, कारगिलला जातात, तिकडे हाच त्रास जानेवारीत. गाडी धुतली की कुलूप ओलं, आणि रात्री पारा उतरला की बंद. आम्ही गाडी धुण्याआधी कुलूप काढून ठेवतो. लावल्यावर फट खाली येईल असं टांगतो आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा बांधतो. अल्कोहोलची बाटली ड्रायव्हरच्या खिशात असते. ती केबिनमध्ये ठेवली आणि केबिनचंच कुलूप गोठलं तर उपयोग शून्य.

तुर्भे_शिफ्ट

ट्यूबचं झाकण आमच्याकडे लावू का? आणि कुलूप बाहेर न्यायचं नाही तर ठेवायचं कुठे? लोडरांना खिशात ठेवायला सांगू?

रेफ्रिजरेशन_तळोजा

ट्यूबचं रबर उणे २० ला कडक होतं, तुम्हाला सिलिकॉन शीट लागेल. पण वरून काही टपकत नसेल तर झाकणाची गरजच नाही. डीफ्रॉस्टच्या वेळी, म्हणजे कूलरवरचा बर्फ वितळवतात तेव्हा, एकदा पिंजऱ्यासमोर उभे राहून बघा. पिंजरा दाराजवळ असेल तर चौकटीच्या हीटरची वायरही तपासा: पट्टीवर २३० वॅट लिहिलं असेल तर क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजायचा मीटर) साधारण १ अँपिअर दिसायला हवा. शून्य दिसला तर चौकटीला बर्फ धरणार आणि दार नीट बसणार नाही. मग बाहेरची दमट हवा सतत आत येत राहील, कुलपाला कितीही जपा.

खिशात नको, अंगाच्या उबेने आणि घामाने तीच गत होते. पिंजऱ्याच्या दाराशेजारी जाळीत एक कडी वेल्ड करून घ्या, वेल्डिंग अर्थातच चेंबरबाहेर, पट्टीवर करून मग ती नट-बोल्टने जाळीला बसवायची. पिंजरा उघडला की कुलूप त्या कडीत अडकवून दाबून बंद करायचं आणि किल्ली आत जाणाऱ्या माणसाने स्वतःजवळ ठेवायची. कुलूप थंडच राहतं. आणि याहून मोठं म्हणजे, आत माणूस असताना बाहेरून कुणी चुकून पिंजरा लावू शकत नाही. नुसतं कोयंड्यात उघडं लटकणारं कुलूप जाता-येता कुणीही सवयीने दाबतं, आणि उणे २० मध्ये अडकलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो.

चेंबरच्या मुख्य दारालाही कुलूप असेलच. ते बंद असताना आतला सुटकेचा दांडा ढकलून दार उघडतं का, हे दर शिफ्टच्या सुरुवातीला बघा, एक माणूस आत आणि एक बाहेर. नुसता कोयंडा ठोकून कुलूप लावलं असेल तर तो दांडा निकामी असतो. तसं असेल तर आजच काढा, गाडी लागायच्या आधी.

तुर्भे_शिफ्ट

मुख्य दाराला नुसता कोयंडाच आहे. फिटरला बोलावलंय, आत्ता काढतोय.