बिळात राहून 'सवय' झाली म्हणे!

जुळे सोलापूरची बाई: परवा इथे एकाने लिहिलं, "तिबेटच्या पठारावरचे पिका (सशाचा छोटा नातलग) आणि झोकोर (जमिनीखाली राहणारा उंदरासारखा प्राणी) बिळात राहून राहून कमी ऑक्सिजनला सरावले. माणूस नाही का लेहला चार दिवसांत सरावत? जनुकं वगैरे पुस्तकी गप्पा." वीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवतेय. हे वाचून राहवेना.

लेहला गेलात की रक्तात तांबड्या पेशी वाढतात, खाली उतरलात की काही आठवड्यांत पूर्ववत. तुमच्या पोराला त्यातलं काही मिळत नाही. पिकाला कमी ऑक्सिजनवर जगण्याची घडण जन्मतःच मिळते. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७-५८ टक्के, पण त्याच्या हिमोग्लोबिनची घडणच अशी की तेवढ्यातही ऑक्सिजन धरून ठेवतं. ऑक्सिजन कमी पडला की आपल्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो, हृदयाची उजवी बाजू थकते. पिकाच्या वाहिन्यांच्या भिंती पातळ, त्या फारशा आवळतच नाहीत. ज्यांच्यात हे होतं त्यांची पिल्लं जगली, ज्यांच्यात नव्हतं त्यांची गेली. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललं. याला सवय म्हणता?

मूळ पोस्टवाला: बिळाचा मुद्दा तुम्ही सोयीने गाळलात. आफ्रिकेतला बिळात राहणारा बिनकेसांचा मोल-रॅट (उंदरासारखा प्राणी) तिबेटएवढ्या उंचीवर राहत नाही, तरी ऑक्सिजन अजिबात नसताना १८ मिनिटं तगला. ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजवर चालतात त्याच्या पेशी. २०१७ साली छापून आलंय. म्हणजे करणी बिळाची, उंचीची नाही.

मोहोळकडचा: बंद बिळाचं मी सांगतो. आमच्यात पूर्वी ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात ठेवायचे. पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. एका वर्षी चुलत आजा घाईत तसाच उतरला. वर काढला तेव्हा ओठ निळे, हाताच्या मुठीत ज्वारी तशीच. दरवर्षी पेवात उतरणारा माणूस होता तो. कुठं गेला त्याचा सराव?

आणि बिळातल्या जनावरांचं एवढं कौतुक असंल तर माझ्या रानात या. मालदांडी कणसात आली की उंदरं ताटं बुडातून तोडतात. यंदा बांधाकडच्या चार ओळी आडव्या. विष घातल्याशिवाय इलाज नाही.

नान्नजची: तुमच्याच विषाने माझी मांजर गेली. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर ओसरीत आणून खाल्ला तिने. रात्रभर तडफडली. शेजाऱ्याला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला?

मोहोळकडचा: ताई, मी तुमचा शेजारी नाही. आणि मांजरीसाठी रडता, ज्वारीसाठी कोण रडतं? माझी पेरणी, माझं कर्ज.

जुळे सोलापूरची बाई: भांडू नका. तिबेटात पिकालाही गवत खातो म्हणून कित्येक दशकं विष घातलं. मग लक्षात आलं की त्याच्या बिळांमुळे पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि पक्षी त्याच बिळांत घरटी करतात.

मोहोळकडचा: तिथं गवत जातं, इथं माझी भाकर जाते. फरक हाय का नाही? तरी घुबडांसाठी बांधावर काठ्या रोवतो यंदा. विष मात्र बंद करणार नाही, आत्ताच सांगतो.

नान्नजची: निदान मेलेले उंदीर उचलून पुरा. एवढंच मागतेय.

मूळ पोस्टवाला: उंदरांवरून परत येऊया? पेवाची गोष्ट वाचून 'सराव' हा शब्द मागे घेतो. बीळ मात्र सोडणार नाही.

जुळे सोलापूरची बाई: बिळाचं मान्य. तिथली हवा कोंदटच असते, झोकोर तर जन्मभर जमिनीखालीच. मोल-रॅट मी लिहायलाच हवा होता. पण तिबेटी माणूस कुठे बिळात राहतो? त्याच्या ईपीएएस-१ जनुकातला बदल डेनिसोव्हा या नामशेष झालेल्या माणसांकडून आला, हे २०१४ साली दाखवलं गेलं, आणि त्यामुळेच एवढ्या उंचीवरही त्याचं रक्त दाट होत नाही. ती करणी उंचीचीच. उंचावरच्या आणि कमी उंचीवरच्या पिका जाती ताडून पाहिल्या तरी उंचावरच्यांच्या हिमोग्लोबिनची पकड जास्त.

मूळ पोस्टवाला: बरं. उंची पण. 'पण' लिहिलंय, 'च' नाही.

मोहोळकडचा: बाई, पेव आहे अजून अंगणात, वर शिळा ठेवलीय. पोरांना दाखवायचं तर सुगीनंतर आणा. कंदील मी सोडून दाखवीन. आत मात्र कुणाला उतरू देणार नाही.