गुळापेक्षा चक्क्याचा बदल उपयोगी

साखरेऐवजी गूळ वापरल्यास वजन उतरते, असे अनेकदा सुचवले जाते. परंतु १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० आणि तेवढ्याच गुळात सुमारे ३८० कॅलरी असल्याने या बदलातून फारसे साधत नाही, गोडच कमी करायला हवे. त्यापेक्षा सँडविचमधील मेयोनेजच्या जागी चक्का वापरून पाहावा, कारण मेयोनेजचा मोठा भाग निव्वळ तेलाचा असतो. साय काढलेल्या दुधाचे दही मलमलच्या फडक्यात पाच-सहा तास टांगावे (उन्हाळ्यात फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवावे, नाहीतर ते आंबते) आणि घट्ट चक्क्यात मीठ, मिरपूड, ठेचलेली लसूण व चिमूटभर मोहरीची पूड घालून फेटावे. निथळलेले पाणी मात्र कृपया ओतून देऊ नये. त्यातही थोडी प्रथिने असतात आणि त्यात कणीक छान मळता येते.