मदत हवी आहे: बाबांचा सीओपीडी आणि 'इनहेलर सोडा' हा सल्ला

बाबा ६८ वर्षांचे, आम्ही फोंड्याला राहतो. गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, करून सीओपीडीचं (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) निदान झालंय. टायोट्रोपियमचा (श्वासनलिका मोकळ्या ठेवणारं औषध) इनहेलर रोज एकदा, बिडी दोन वर्षांपूर्वी सुटली. तरी पावसात भिंतींना बुरशी धरली की जिन्यात कठडा धरून मध्येच थांबतात.

आत्याच्या आग्रहाने तीन महिने एका होमिओपॅथकडच्या आर्सेनिक अल्बमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या झाल्या. दम तेवढाच. आता ते होमिओपॅथ म्हणतात, 'इनहेलरची सवय लागते, सोडा.' मी सोडू देणार नाहीच (गोळ्या घ्यायच्या तर घेऊ देत बापडे!), पण बाबा डळमळलेत.

गोमेकॉची पुढची तारीख महिन्याने आहे. तोवर, पल्मनरी रिहॅबिलिटेशनचे (फुप्फुसांच्या रुग्णांसाठीच्या व्यायाम-कार्यक्रमातले) श्वसनाचे व्यायाम फोंडा-बांबोळी भागात कोण शिकवतं? आणि तुमच्या घरी हा 'सवयी'चा गैरसमज कसा काढलात?