दुब्रोव्हनिकला निवांत राहिला असाल तर अनुभव लिहा

क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक बरेच जण अर्ध्या दिवसात उरकतात. जहाज बंदराला लागतं, शहराच्या तटबंदीवर फोटो काढले की परत. आम्ही आईला घेऊन आठ दिवस राहिलो. तुमच्यापैकी जे असे रमतगमत राहिले असतील त्यांनी कुठे बसलात, काय नजरेत भरलं ते जरूर लिहा. सुरुवात मी करते; इतरांचे अनुभव पुढे एकेक जोडलेत.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून दिवसाला एकच गल्ली. सकाळी सातला स्त्रादुन या मुख्य रस्त्यावर शुकशुकाट असतो. चुनखडीच्या फरश्या पावलांनी इतक्या झिजल्यात की ओल्या झाल्या की त्यात घरं दिसतात. घसरायला होतं, रबरी तळाच्या चपला न्याच. आई ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी बसायची. १४३८ साली सुमारे १२ किलोमीटरवरून पाणी आणून ते बांधलं. सोळा दगडी मुखवट्यांच्या तोंडून धार पडते, पाणी पिण्याजोगं आहे. समोरच्या दुकानांची दारं तिनेच मला दाखवली. १६६७ च्या भूकंपानंतर ही घरं एका धाटणीने पुन्हा उभारली गेली. दार आणि खिडकी एकाच कमानीत, खिडकीचा दगडी कठडा म्हणजे माल मांडायची फळी. दुकानदार आत, गिऱ्हाईक रस्त्यावर. "अगं, हे तर आपल्या वाण्याचं दुकान," आई म्हणाली, आणि रोज त्या कठड्यांवरून हात फिरवत चालली.

*

आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे मी ऑर्लांडोच्या खांबापाशीच अडकलो. १४१८ च्या या दगडी योद्ध्याचा कोपरापुढचा हात, म्हणजे साधारण ५१ सेंटीमीटर, हे इथलं कापड मोजायचं माप होतं! आमची आजी अठरा हाती लुगडं म्हणायची, तोच हिशेब. जवळच स्पोंझा वाड्यात जकातीचं ठाणं होतं. आतल्या कमानीवर लॅटिनमध्ये कोरलंय की आमची वजनं फसवू देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. मी ते वहीत उतरवून आणलं आणि गल्ल्यामागे लावलंय.

*

शहराची तटबंदी १,९४० मीटरची. दारं उघडल्या उघडल्या चढा, उन्हाळ्यात वर सावली नाही. मला तीन तास लागले, कारण मी छपरं बघत होते. भडक केशरी कौलं नवी, फिकट पिवळसर जुनी. १९९१-९२ च्या युद्धात युगोस्लाव सैन्याने घातलेल्या वेढ्यात तोफगोळ्यांनी किती घरं फुटली ते या रंगांवरून कळतं. आम्ही जिथे उतरलो त्या घरच्या काकूंना मी विचारलं, तर त्यांनी स्वतःच्या छपराकडे बोट केलं. सगळंच केशरी होतं. मला पुढे काही विचारवेना.

*

मी गोव्याची. या शहराचे रक्षक संत ब्लेझ वेशीवर उभे आहेत, हातात दुब्रोव्हनिकची छोटी प्रतिकृती घेऊन. आमच्याकडे जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला याच संताचं चर्च आहे, ते क्रोएशियातल्या दर्यावर्दींनी बांधलं असं सांगतात. लहानपणापासून तिथे गेलेय, पण हा संत आणखी कुठल्या शहराचा रक्षक असेल हे कधी मनातच आलं नव्हतं. वेशीखाली मी बराच वेळ मान वर करून उभी राहिले. ३ फेब्रुवारीला त्यांचं फेस्त असतं. शक्य असेल त्यांनी तेव्हा जा, गर्दी गावकऱ्यांचीच असते.