स्टार नसेल तर चार लाइनी तरी धड हव्यात

दादा: ज्यांना झोपायचंय त्यांनी ग्रुप म्यूट करा, लांब लिहितोय. छोटूने सकाळी टाकलंय की आइस हॉकीत, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या एनएचएल लीगमध्ये, ज्या टीमकडे सीझनला पन्नास गोल मारणारा कोणी नाही तिने स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी, विसरावा. 2022-23 ची आमची सिअ‍ॅटल क्रॅकन आठव. आदल्या वर्षी लीगच्या टेबलात 60 पॉइंट, त्या वर्षी थेट 100. वीस किंवा जास्त गोल मारणारे सहा जण. आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडला समोर कोण, तर आदल्या वर्षीचा चॅम्पियन कोलोरॅडो, ज्यांच्याकडे मॅकिनन 111 पॉइंटवाला (खेळाडूचे पॉइंट म्हणजे गोल आणि गोलाचे पास मिळून) आणि रँटानेन 55 गोलवाला. आधी चार मॅच जिंकेल तो पुढे, सातव्या मॅचला त्यांना घरी पाठवले

छोटू: दादा तुमच्या मॅकॅनने 40 मारले होते त्या वर्षी, तो स्टार नाही का मग

दादा: त्याआधी त्याने कधी 30 सुद्धा मारले नव्हते रे. पगार वर्षाला 5 मिलियन डॉलर. त्याला स्टार म्हणायचं तर मग सगळेच स्टार. आणि कोलोरॅडोच्या सातव्या मॅचला 2-1 जिंकलो ते दोन्ही गोल ब्यॉर्कस्ट्रँडचे, म्हणजे तिसऱ्या लाइनचा माणूस!! आमचा बुराकोव्स्की पॉइंटमध्ये टीममध्ये सगळ्यात पुढे होता, तो फेब्रुवारीत जखमी होऊन बसला तो प्लेऑफला पण नव्हता, तरी गाडी थांबली नाही. मी ह्याला डेप्थ म्हणतो, कोणा एकावाचून न अडणं

आत्या: मला एक सांगा, लाइन म्हणजे काय? आणि तिसऱ्या लाइनचा माणूस म्हणजे राखीव का

ताई: नाही आत्या, राखीव नाही. मॅचला 12 फॉरवर्ड, म्हणजे पुढे खेळणारे, किट चढवून बसतात, तिघातिघांच्या चार लाइनी. बर्फावर एका वेळी एकच लाइन, पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं की बाहेर, पुढची लाइन आत. पहिल्या लाइनला मॅचच्या साठ मिनिटांतली वीसेक मिळतात, चौथीला दहाच्या आसपास

मामा: आपल्या हॉकीत पण रोलिंग सबस्टिट्यूशन असतंच की. पण पाऊण मिनिट म्हणजे अतीच. माणूस बसतो न बसतो तोच उठायचं

दादा: मामा तिथेच तर सगळी गंमत आहे. समोरच्याचे सगळ्यात भारी दोन डिफेन्समन फार फार तर 25 मिनिटं खेळणार. तुमचा सगळा धोका एकाच लाइनमध्ये असेल तर समोरचा कोच त्या दोघांना बरोब्बर तिच्यावर सोडतो, घरच्या मैदानावर तर नियमच आहे की शेवटचा बदल यजमान टीम करणार, म्हणजे तुमची लाइन बघून मग तो आपली माणसं पाठवतो. पण तुमच्या तीन लाइनी गोल मारू शकत असतील तर तो लपवणार कोणाला? कधीतरी त्याची डिफेन्सची तिसरी, कच्ची जोडी सापडतेच तुमच्या दुसऱ्या लाइनच्या तावडीत

काका: हे काही नवीन नाही. मी न्यूजर्सीत आलो तेव्हा तिथल्या टीमने, डेव्हिल्सनी, हेच केलं होतं. 1995, लॉकआउटमुळे सीझन 48 मॅचचाच, आमचा टॉप गोल मारणारा रिशे, त्याचे 23. फायनलला समोर डेट्रॉइट, सीझनमध्ये अव्वल आलेली टीम, आणि 4-0 ने साफ केली. चौथ्या लाइनला क्रॅश लाइन म्हणायचे, हॉलिक, मॅके, पेलुसो. पक (चेंडूऐवजी असते ती चकती) नंतर बघू आधी माणूस आपटू असा कारभार. क्लॉड लेमिओचे अख्ख्या सीझनमध्ये 6 गोल, आणि प्लेऑफमध्ये 13, बेस्ट प्लेअरची कॉन स्माइथ ट्रॉफी घेऊन गेला

छोटू: काका पण तुमच्याकडे मागे ब्रोडर होता गोलमध्ये आणि त्याच्यापुढे डिफेन्सला स्टीव्हन्स नि नीडरमायर. गोल खायचेच नाहीत तर मारायला कोणीही चालेल 😄

काका: ते खरं आहे. नाकारत नाही. कोच लेमेरचा ट्रॅप होता, न्यूट्रल झोनमध्ये म्हणजे मैदानाच्या मधल्या पट्ट्यात समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. लोक शिव्या द्यायचे, बोअर करता म्हणून. आम्हाला काय, कप आमच्याकडे

ताई: छोटूचा मुद्दा बरोबर आहे पण. स्टार गोल मारणारे नाहीत म्हणजे टीममध्ये भारी कोणीच नाही असं होत नाही. लॉस एंजेलिस किंग्ज 2012 घ्या, गोल मारण्यात 30 टीममध्ये 29व्या, आठव्या सीडने प्लेऑफमध्ये घुसले आणि तिथे 16 मॅच जिंकून, फक्त 4 हरून कप नेला, कारण गोलमध्ये क्विक उभा होता. फॉरवर्डवर वाचवलेला पैसा कुठेतरी दिसायला हवा ना

दादा: मग व्हेगास 2023 चं काय? त्यांनी त्या सीझनला पाच गोलकीपर वापरले, पाच! प्लेऑफमध्ये ब्रॉसवा जखमी झाल्यावर हिल आला आणि तोच कप जिंकून गेला. तीस गोल मारणारा एकही नव्हता टीममध्ये, मार्शेसोचे 28 सगळ्यात जास्त. आणि छोटू, त्याच वर्षी तुझ्या एडमंटन टीमचं काय झालं ते सांगू का, की तू सांगतोस

छोटू: नको

दादा: सांगतोच. मॅकडेव्हिड 153 पॉइंट, पॉवर प्ले (समोरचा एक जण शिक्षा होऊन बाहेर बसतो तेव्हाचा खेळ) 32.4 टक्के वेळा गोल, लीगच्या इतिहासातला रेकॉर्ड. प्लेऑफमध्ये व्हेगासविरुद्ध पहिल्या मॅचला तुमच्या ड्रायसायटलने एकट्याने 4 गोल मारले आणि मॅच हरले 6-4. माणसाने अजून काय करायचं सांग. पुढे सहाव्या मॅचला मार्शेसोची हॅटट्रिक आणि खेळ खलास

छोटू: व्हेगासचं नाव नको काढू. टीमच्या एकूण पगाराला मर्यादा असते, सॅलरी कॅप. त्यांचा स्टोन जानेवारीपासून बाहेर, त्याचे 9.5 मिलियन लाँग टर्म इंजरीत टाकून कॅपमधून वगळले, त्या जागेत माणसं घेतली आणि प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला साहेब ठणठणीत हजर

ताई: तेव्हा नियमात बसत होतं. प्लेऑफला सॅलरी कॅप लागूच नव्हती, 2025-26 पासून लागली. पण दादा तूही व्हेगासला गरिबाची टीम करू नकोस. आयकेल 10 मिलियन, स्टोन 9.5, पिएट्रँजेलो 8.8. आयकेल तर 2015 च्या ड्राफ्टला, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, मॅकडेव्हिडच्या लगेच मागे दुसरा गेलेला. पन्नास गोलवाला नव्हता एवढंच, हल्ला आणि बचाव दोन्ही करणारे सेंटर (लाइनमधला मधला माणूस) आणि तगडे डिफेन्समन भरपूर होते. आणि नुसती डेप्थ घेऊन काय होतं ते बघायचं तर कॅरोलायना बघ. 2023 कॉन्फरन्स फायनल, म्हणजे सेमीफायनलच, फ्लोरिडाकडून 4-0 हरले, चारही मॅच एकेका गोलाने गेल्या, पहिली तर चार ओव्हरटाइमनंतर. चार मॅचमध्ये मिळून गोल किती, 6. अख्खी सीरिज पक कॅरोलायनाकडे, चान्स त्यांचे, आणि शेवटचा हात मारायला माणूस नाही

छोटू: आणि मग कॅरोलायनाने रँटानेनला आणला, जमेना म्हणून दीड महिन्यात डॅलसला विकला, आणि त्याने त्याच वर्षी कोलोरॅडोविरुद्ध सातव्या मॅचला तिसऱ्या पिरियडमध्ये हॅटट्रिक मारली. एका माणसाने वीस मिनिटांत सीरिज फिरवली दादा. तुझ्या सहा जणांनी मिळून कधी फिरवलीये का अशी

दादा: नाही. ते मान्य. पण असा माणूस मिळतो कुठे? एकतर ड्राफ्टला पहिल्या दोन-तीनात यायला हवं, त्यासाठी आधी टेबलाच्या तळाशी मरायचं एक-दोन वर्षं आणि वर निवडीचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत नशीब लागायला हवं. नाहीतर बाजारात जाऊन 12 मिलियन मोजायचे. मधल्या टीमने करायचं काय, हात जोडून बसायचं?

मामा: पण मग तुमची क्रॅकन पुढच्या वर्षी कुठे गेली रे? 100 नंतर काय

दादा: 81 😑

मामा: हां. मग?

दादा: मामा तू बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवतोस. थोडं नशीब उलटलं, मान्य. मॅकॅनचा त्या वर्षी दर पाच-सहा शॉटला एक गोल होत होता, असं कोणाचंच कायम टिकत नाही, पुढच्या वर्षी 29 वर आला. बेनिअर्स 24 वरून 15. पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. ती टीम भारी होती ती वरच्या सहा जणांमुळे नव्हती, खालच्या सहांमुळे होती. स्प्राँगला ट्रायआउटवर बोलावला होता, करार पण नव्हता हातात, त्याने चौथ्या लाइनवर खेळून 21 मारले. टोल्व्हानेन नॅशव्हिलने वेव्हर्सवर (नको असलेल्यांची यादी, त्यातून दुसरी टीम उचलू शकते) सोडला, आम्ही डिसेंबरमध्ये फुकट उचलला, 48 मॅचमध्ये 16. डोनाटो 14. गीकी चौथ्या लाइनचा सेंटर. आणि सीझन संपल्यावर स्प्राँग डेट्रॉइटला, डोनाटो शिकागोला, गीकीला ऑफरच दिली नाही तो बॉस्टनला. त्याच गीकीने 2024-25 ला 33 गोल मारले!

काका: अरेरे

दादा: थांबा अजून आहे. वरच्या पगाराचे मात्र सगळे ठेवले, एबर्ले, श्वार्त्झ, ब्यॉर्कस्ट्रँड, गूर्ड, सगळे पाच-साडेपाच मिलियनच्या घरातले आणि कोणी तरुण होत नव्हतं. आणि 2024 च्या उन्हाळ्यात काय केलं तर स्टीफन्सनला सात वर्षं, वर्षाला 6.25 मिलियन. तिशीतला माणूस. हाच स्टीफन्सन व्हेगासने 2019 ला वॉशिंग्टनकडून ड्राफ्टमधल्या पाचव्या राउंडच्या एका पिकच्या (निवडीच्या हक्काच्या) बदल्यात उचलला होता, आणि 2023 ला त्याच्यासोबत कप जिंकून, वापरून, सोडून दिला. एकाने डेप्थ शोधली, दुसऱ्याने तीच वस्तू एमआरपीला विकत घेतली

ताई: हे मात्र एकदम पटलं. मधल्या माणसाला लांब करार दिला की स्टारही नाही आणि पैसेही नाहीत

दादा: तेच गं. डेप्थ दर वर्षी नवी भरावी लागते. दोन वर्षांचे करार, वेव्हर्सवर डोळा, दुसऱ्याच्या चौथ्या लाइनवर कुजणारा पोरगा शोधायचा ज्याला फक्त मिनिटं हवीत. हे कंटाळवाणं काम आहे, ह्याची प्रेस कॉन्फरन्स होत नाही

छोटू: पण आता तर कॅप वाढतेय, 2026-27 ला 104 मिलियन. सगळ्यांकडे पैसा येणार, कप्रिझोव्हला मिनेसोटाने वर्षाला 17 दिले आठ वर्षांसाठी. तू 17 मध्ये तीन ब्यॉर्कस्ट्रँड घेशील आणि हरशील

ताई: टक्क्यात बघ छोटू. मॅकडेव्हिडचे 12.5 सुरू झाले तेव्हा कॅप 79.5 होती, म्हणजे 16 टक्क्यांच्या जरा खाली. 104 मधले 17 म्हणजे सोळाच्या जरा वर. भाव तोच आहे, आकडा मोठा दिसतो फक्त. खरी लॉटरी तुझ्या एडमंटनला लागलीये, मॅकडेव्हिडने पुढची दोन वर्षं पण 12.5 लाच सही केली. 104 मध्ये 12 टक्के. ह्या भावात जगातला सगळ्यात भारी खेळाडू मिळत असेल तर दादाची सगळी थिअरी बाजूला ठेव

दादा: ह्या भावात मी पण घेईन, कोण नाही म्हणतंय

छोटू: हाहाहा स्क्रीनशॉट काढला

दादा: काढ. पण वाचलेल्या पैशात तुझा जीएम (टीमचा जनरल मॅनेजर) तिसरी लाइन कोणती उभी करतो ते सांग मला. फ्लोरिडाने 2025 ला तुम्हाला हरवलं तेव्हा मार्शांड, लुंडेल, लुओस्टारिनेन ही त्यांची तिसरी लाइन होती, आणि एकट्या मार्शांडचे फायनलमध्ये 6 गोल

आत्या: म्हणजे तिसरी लाइन राखीव नाही हे आता कळलं मला

छोटू: आत्या तू पण त्याच्या बाजूने??